गुंडेराव मास्तर आणि एक खुलासा

गुंडेराव मास्तरांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत, त्यानिमित्तच्या या ग्रंथासाठी चार शब्द लिहावेत असे मंडळींनी सांगितले. "खुलासेवार लिहा," असेही म्हणाले. त्या शब्दापाशीच मी अडलो आहे. माझा धाकटा भाऊ माणिक जाऊन अजून वर्ष झाले नाही. गौरवाचे लिहायला बसतो आणि त्याचेच आठवते. दोन्ही वेगळे कसे करावेत हे मला कळत नाही. आठवते तसे लिहितो.

मास्तरांची ओळख माणिकमुळेच झाली. आम्ही भालकीजवळच्या मेहकरचे शेतकरी. माणिक हैदराबादेस सरकारी विद्यापीठात बी. ए.ला होता. तेथे शिक्षण उर्दूतून. उर्दूच्याच पेपरात तो नापास झाला. आणखी एकदा नापास झाला तर नाव कमी होणार होते. आमचे वडील अप्पा म्हणाले, "पुरे झालं. औत धर." मी कसेबसे त्यांना राजी केले आणि आम्ही तिघे बीदरला मास्तरांकडे गेलो. ते तेथील शाळेत उर्दू शिकवीत.

मास्तरांनी माणिकला विचारले, "काय लिहिलंस पेपरात?"

"उतारा होता. त्याचा खुलासा लिहा म्हणले. मी समदा खुलासा केला. पुरवण्या जोडल्या."

मास्तरांना हसू आवरेना. "अरे, उर्दूत खुलासा म्हंजे सार! चार ओळीत संपवायचं. तू तर कीर्तन करायलास."

"मी शिकस्त केली, मास्तर."

"हे तर तिकडं बोलूच नको. तिकडं शिकस्त म्हंजे हार."

अप्पांनी मध्येच विचारले, "मग ती तालमीची कचेरी म्हंत्यात ती?"

"तालीम म्हंजे शिक्षण, अप्पा."

"असं व्हय! मला वाटलं, सरकार कुस्त्या लावायलंय."

त्या सुट्टीत माणिक मास्तरांच्या घरीच राहिला. आणखीही पोरे होती, काही कानडी बोलणारी. कुणाची जात कोणती हे मास्तरांच्या पत्नीने, काकूंनी, विचारले नाही. सगळे एका पंगतीला बसत. मराठी कानाला ओळखीचे वाटणारे उर्दू शब्द मास्तर आधी शिकवीत. "अनोळखी शब्द दगा देत न्हाई, ओळखीचा देतो," असे ते म्हणत.

हैदराबादेस माणिकच्या जेवणाची सोय नव्हती. मास्तरांनी स्वतः तेथे जाऊन त्याचे वार लावले, म्हणजे रोज एका घरी जेवायचे. शनिवारला घर मिळेना. माणिक म्हणाला, "शनिवारी माझा मारुतीचा उपास असतो."

"व्हय का? मग हितल्या माझ्या बहिणीकडं जाऊन सोडत जा."

तो उपास खोटा होता, हे मास्तरांनी ओळखले होते. पण त्यांनी तसे कधी बोलून दाखवले नाही.

माणिक पास झाला, पदवी घेऊन गावी आला आणि पावसाळा सरायच्या आत विषमज्वराने गेला. मास्तर बैलगाडीने मेहकरला आले. अप्पांनी त्यांना विचारले, "कामून शिकविलं वो त्याला, मास्तर?"

एरवी कुठल्याही शब्दाचा अर्थ लगेच सांगणारे मास्तर एवढेच म्हणाले, "मला न्हाई सांगता येत, अप्पा."

त्यांनी काहीतरी समजावून सांगितले असते तर अप्पांना बरे वाटले असते की राग आला असता, याचा मी अजून विचार करतो. मास्तर निघाले तेव्हा अप्पा गाडीपर्यंत गेले. जू धरून म्हणाले, "तुमच्या बहिणीकडचा शनिवार रिकामा झाला असंल. दुसरं कुणी बसवा."

आता मंडळींना हवा तो खुलासा मी कोणत्या भाषेतला करावा? उर्दूतला असेल तर एक ओळ पुरे : आमचा माणिक पदवीधर झाला. मराठीतला असेल तर तो मला जमणारा नाही.

मास्तरांना निरोगी आणि भरपूर आयुष्य लाभो. त्या शनिवारच्या पाटावर यंदा औरादकडचा एक मुलगा बसतो. तो पास होईपर्यंत, आणि त्याच्यामागून येणारे सगळे पास होईपर्यंत, मास्तरांना सवड मिळता कामा नये.