पॅनलवरची घोंगडी

तिसरी बॅटरी बदलली तरी गयाबाईंचा दिवा तासाभरात मान टाकत होता. वस्तीतल्या बाकीच्या घरांत तो चार-चार तास चालायचा. ऑफिसात फोन केला, तर आमचे प्रोजेक्ट मॅनेजर गरजले, "मॅडम, शुक्रवारी परदेशी पाहुणे तपासणीला येताहेत. बंद युनिट दाखवायचं का त्यांना? काढा ते आणि पुसेगावच्या यादीतल्या घराला द्या."

"सर, एक दिवस द्या."

"एकच."

हिंगोली नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. साखऱ्याच्या पुढे मेंढपाळांची एक वस्ती होती. तिथे विजेच्या तारा पोचल्या नव्हत्या. परदेशी मदतीच्या योजनेतून आम्ही घरोघरी सोलर दिवे बसवत होतो. पैसा एका देशाचा, पॅनल दुसऱ्या देशाचं, बॅटरी आपली आणि बोलणी खायला मी. काम तसं सोपं. पॅनल उन्हापासून वीज करतं, बॅटरी ती साठवते, संध्याकाळी दिवा ती वापरतो. दिवा लवकर विझला की तिघांपैकी कोणीतरी कामचुकार आहे असं समजायचं. मी सकाळच्या एस.टी.ने यायचे, मीटर लावायचे आणि अकराच्या गाडीने परतायचे. सकाळी पॅनल ठणठणीत असायचं. म्हणून दर खेपेला दोष बॅटरीला.

मिळालेल्या त्या एका दिवशी पाने-पक्कड घेऊनच गेले. युनिट काढायला आलेय, असं गयाबाईंना सांगितलं. पन्नाशीच्या असतील. त्या पदराने बॅटरीचा खोका पुसत राहिल्या. मला ते बघवेना. म्हटलं, काढायचंच आहे तर संध्याकाळी काढू. अकराची गाडी सोडली आणि लिंबाखाली बसून राहिले.

ऊन चढलं तशा गयाबाई शिडी लावून माळवदावर, म्हणजे घराच्या मातीच्या सपाट छतावर, चढल्या. खांद्यावर घोंगडी होती. ती त्यांनी पॅनलवर पसरली, सुतळीने नीट बांधली आणि खाली उतरल्या.

"गयाबाई, हे काय करताय?"

"झाकून राहिले जरा. रोजच झाकते. लई तापतंय ते. कोकरूबी दुपारचं डालग्याखाली झाकून ठेवताव आमी."

"अहो, पण सांगितलं कोणी?"

"तुमीच की! बसवताना म्हनलात न्हाई का, उन्हात ठेवू नका, तापलं की लवकर खराब होतं म्हून?"

म्हटलं होतं. बॅटरीबद्दल. पॅनलला ऊन हवं, हे मात्र सांगितलं नव्हतं. मला वाटलं, त्यात काय सांगायचं! चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, तशा मी तीन बॅटऱ्या हाकलल्या होत्या. आणि चोर मीच.

"पण बाकीच्या बाया तर झाकत नाहीत."

"त्यायचे मालक दिवा बघून गेले. आमचे आधीच गेले मेंढरं घेऊन. कागदावर अंगठा त्यायचा, अन् दिवा त्यायनीच पाह्यला न्हाई. मिरगाला येतील. तवर नवा राह्यला पायजे."

माझी चार वर्षांची मुलगी परभणीला आईकडे होती. तिच्यासाठी घेतलेला फ्रॉक महिनाभर माझ्या बॅगेत पडून होता, घडी न मोडलेला. तिला तो एव्हाना आखूड झाला असणार, हे मला कळत होतं. तिची इतकी आठवण आली की मीटर उगाचच दोनदा उघडून बंद केला.

"गयाबाई, हे पॅनल ऊनच खातं."

"आगं माय! म्हंजी दुपारचं उपाशी ठेवलं की म्या त्याला!" आणि त्या पुन्हा शिडीकडे धावल्या.

मी पक्कड पिशवीत टाकली आणि युनिट तसंच ठेवलं. शुक्रवारपर्यंत तीन कडक उन्हं मिळाली, दिवा चार तास चालू लागला. पाहुणे माळवदावर चढले, मोजमाप घेतलं, मान डोलावली. मॅनेजर माझ्या कानाशी पुटपुटले, "ते घोंगडीचं प्रकरण काढू नका." मी काढलं. चूक माझीच होती, लपवायची कशाला? पाहुणे हसले नाहीत. त्यांनी वहीत सगळं लिहून घेतलं. पुढच्या माहितीपुस्तिकेत घोंगडी घातलेल्या पॅनलचं चित्र आलं, त्यावर लाल फुली. नंतर तेच चित्र मी दुसऱ्या कुठल्याशा देशाच्या पुस्तिकेत पाहिलं. लिपी वाचता आली नाही, घोंगडी मात्र ओळखली.

पुढच्या हिवाळ्यात सिद्धेश्वर धरणाकडे काम निघालं, तेव्हा वाट वाकडी करून वस्तीवर गेले.

"मालकांनी पाहिला ना दिवा?"

"पाह्यला की! आले अन् आधी काय म्हनले? 'उन्हात काहून ठेवलंस, झाक त्याला.' अन् सोताच्या खांद्यावरची घोंगडी काढली!" आम्ही दोघी पोट धरून हसलो. मग त्या पॅनलकडे बघत म्हणाल्या, "गेले पुन्हा. बाई, संगं नेता येईल असा बारका दिवा न्हाई का भेटत? इथं उजेड हाय, पर ज्याला दावावा तो माळावर अंधारात बसून राहिला."

आमच्या फॉर्मात घर, छत, खांब असे रकाने होते. आठ महिने घराबाहेर चालणाऱ्या माणसासाठी रकाना नव्हता. विचारून सांगते म्हटलं. विचारलंही. योजनेत बसत नाही, असं उत्तर आलं.

तेव्हापासून कुठेही दिवा बसवायला गेले की आधी दोन गोष्टी करते. पॅनलला ऊन लागतं हे सांगते. आणि घरातलं कोण बाहेर आहे, ते विचारते.