पायाच्या मापाचे दोरे

महिना झाला त्या रविवारला. सकाळी मी अंगणात स्कूटर पुसत होतो. साडेसातला कांचघर मोहल्ल्यात विमलताईंच्या दारात पोचायचं होतं. जरा उशीर झाला की त्या फाटकाशी उभ्या राहून नुसत्या मनगटावरच्या घड्याळाकडे बघायच्या, बोलायच्या काही नाहीत. तेवढ्यात त्यांच्या मुलीचा, सुनीताचा फोन आला. "काका, आप मत आइए... म्हणजे, या. आई गेली." फडकं हातातच राहिलं.

विमलताई सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स, मूळ घर भंडाऱ्याकडचं. मी राइट टाउनमधल्या शाळेतला निवृत्त मास्तर. दर रविवारी आम्ही कुंडमच्या रस्त्यावर आत असलेल्या एका गोंड वस्तीत जायचो. शाळेच्या पडवीत मी मुलांना शिकवायचो, त्या औषधं द्यायच्या. ओळखीपाळखीचे लोक वह्या नि गोळ्या पुरवायचे. सुरुवातीला मी फार वैतागायचो, कारण मोठ्या मुली पाढे म्हणता म्हणता डुलक्या घ्यायच्या. "यांना शिकायचंच नाही," असं मी एकदा म्हणालो. ताईंनी फुलवती नावाच्या मुलीला जवळ घेतलं आणि तिच्या डोळ्याची खालची पापणी बोटानं ओढून मला दाखवली. "पाहा मास्तर, कागदावानी पांढरी. अंगात रक्तच नाही, तर तुमचा पाढा काहून राहील डोक्यात? उघड्या पायानं चिखलात फिरून राहिल्या, जंत तळव्यातून आत शिरतात. गोळी देतो आपण, पण पायात कुठं काय आहे?" नोकरीत मी अशा किती पेंगणाऱ्या मुलांना बाकावर उभं केलं असेल... मला त्याची आजही लाज वाटते.

मग मला हुरूप चढला. मित्रांना सांगितलं, मुलांची वयं लिहून दिली आणि पोतंभर बूट गोळा करून वाटले. पुढच्या रविवारी पोरं पुन्हा अनवाणी! बूट घरोघरी फळीवर नीट ठेवलेले. फुलवती तेवढी आम्हाला बरं वाटावं म्हणून ते हातात धरून आली होती. जन्मभर अनवाणी चाललेले पाय फताडे होतात, शहरातल्या वयाच्या हिशेबात ते बसत नाहीत, हे मला कुठून ठाऊक असणार? ताई हसल्या नाहीत, तेच मला जास्त लागलं. "वय पाहून चप्पल नाही बसत, मास्तर," एवढंच म्हणाल्या. "पाय पाहा लागते."

तेव्हापासून दरवर्षी त्या स्वतः पाय पाहायच्या. सत्तरी ओलांडलेली बाई जमिनीवर बसायची, एकेका मुलाचा पाय मांडीवर घ्यायची, पदरानं चिखल पुसायची, टाचेवर अंगठा दाबून गोधडीचा जाड दोरा पुढच्या बोटापर्यंत ताणायची. लांबीला दोरा तोडायचा, रुंदीला त्यातच गाठ मारायची, वर नावाची चिठ्ठी. तेवढ्यात भेगा, जखमा, पापण्या सगळं बघून व्हायचं. दुकानात नुसता दोरा हातात धरून त्या सांगायच्या, "हा फुलवतीचा. डाव्या अंगठ्याला जरा सैल पाहिजे." मी थक्क होऊन बघत राहायचो.

मी मात्र वही घेऊन उभा. "उंटावरून शेळ्या कुठवर हाकता? बसा ना जी खाली," त्या म्हणायच्या. मी गुडघ्यांचं कारण सांगायचो. गुडघे दुखायचे हे खरं, पण ते कारण नव्हतं. मराठ्यांच्या चाकरीत इकडे, हिंदी मुलुखात आलेलं आमचं घराणं. पाय धरायचे ते वडीलधाऱ्यांचे, असंच शिकलेलो. त्या चिखलाच्या पायांना हात लावायला माझं मन धजत नव्हतं. ज्या बाईच्या आजोबांना आमच्यासारख्यांच्या उंबऱ्याच्या आत येता येत नव्हतं, तिला हे कळलं नसेल? कळलं होतं. तरी दरवर्षी ती 'बसा' म्हणतच राहिली.

जलदानविधीनंतर सुनीतानं एक डबा माझ्या हातात दिला. इंजेक्शनच्या सुया उकळायचा, स्टीलचा. आत यंदाचे दोरे होते, पण निम्मेच. उरलेल्या मुलांच्या चिठ्ठ्या नावं लिहून तयार होत्या. "आई म्हणाली होती, काकांना दे. मी म्हटलं, अरे काका तो नीचे बैठते ही नहीं. तर म्हणाली, बसतील ते."

गेल्या रविवारी मी बसलो. गुडघे कुरकुरले. पहिली चिठ्ठी फुलवतीची निघाली. तिचा पाय मांडीवर घेतला आणि घाईघाईनं दोरा लावायला गेलो, तर ती म्हणाली, "ऐसे नहीं, मास्टरजी. आजी पहले पोंछती थीं." माझ्याकडे पदर नव्हता. सदऱ्याच्या टोकानं तो पाय पुसला, बोटांच्या बेचक्यांतला चिखलसुद्धा. मग टाचेवर अंगठा दाबला.

चिठ्ठ्या संपल्या तेव्हा दुपार झाली होती. डबा आता माझ्या स्कूटरच्या डिकीत असतो. कांचघर वाटेत पडत नाही, तरी रविवारी मी तिकडूनच जातो. फाटकाशी थांबून घड्याळ बघतो. साडेसात झालेले असतात. मग निघतो.