रमजानच्या आधीचा रोजा

त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. उत्तरेकडचा लूमवाला, दाढीत कापसाचा भुगा, बसायच्या आधी बाकडं गमछ्याने झाडणार. बायको वारल्यावर घरात एकट्याला चहा गिळवेना, म्हणून मी संध्याकाळी अंजूरच्या नाक्यावरच्या टपरीवर जायचो. लूमच्या खडखडाटातून तोही तिथे येऊन बसायचा. बोलणं कधी नव्हतं.

एका गुरुवारी त्याने चहा घेतला नाही, नुसताच बसला. मी दोन सांगितले आणि म्हटलं, "घे रे. एकट्याला जात न्हाय." तो ग्लासाकडे बघत राहिला, ओठांत काही पुटपुटला आणि प्याला.

तो गेल्यावर टपरीवाला म्हणाला, "काका, रोजा होता त्याचा, संध्याकाळची अजान झाल्यावर सुटला असता. रमजान जवळ आलाय ना, आधीपासून सोमवार-गुरुवार धरतो, मन तयार व्हावं म्हणून."

माझं डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी त्याला गाठलाच. "तोंड न्हाय काय तुला? सांगायचं ना."

तो हसला. "नफिल रोजा था चाचा, अपनी खुशी का. दूसरा रख लूँगा. आप इतने दिन से चुप बैठते थे, कल पहली बार किसी को बोला. मना कैसे करता?"

सोमवारी तो आला तेव्हा मी चहा सांगितला नाही. ऊन उतरेपर्यंत दोघं बसून राहिलो. बायको गेल्यापासून वाट बघावी असं मला काही उरलं नव्हतं. त्या संध्याकाळी मी अजानची वाट बघितली.