क्लचमधली हवा

"बायका क्लचवरून पाय काढतच नाहीत," गॅरेजवाला माझ्या नवऱ्याला म्हणाला. गाडी माझी, चालवते मी, पेडल दाबलं की वर येत नाही हे सांगितलंही मी! बॉनेटही न उघडता त्याने क्लचप्लेट बदलायला सांगितली.

संतापाने मी गाडी कशीबशी दुसऱ्या गॅरेजात नेली. तिथले म्हातारे मिस्त्री म्हणाले, "ताई, मी सांगेन तेव्हा पेडल दाबून धरा." खाली वाकून त्यांनी एक बारीक स्क्रू सैल केला. नळीतून तेलाबरोबर बुडबुडे निघाले. चार-पाच वेळा असं केल्यावर पेडल पायाला घट्ट लागलं.

"तेलाच्या लाइनमध्ये हवा होती. तुमचा दोष नाही."

बाईच्या पायाला दोष देणं किती सोपं असतं!

घरी आल्यावर नवरा म्हणाला, "झालं ना काम?"

"झालं. पण तो पहिला गॅरेजवाला बोलत होता तेव्हा तू मान का डोलावलीस?"