झुल्मिराचा पत्ता

बेलार्मिनोकाका माणसाला चेहऱ्यावरून नव्हे, चपलेवरून ओळखतात. पन्नास वर्षं बार्रा दो सिरीच्या रस्त्यांवर गुडघे टेकून काळे-पांढरे दगड बसवले; मान वर करायची सवयच उरली नाही. नगराध्यक्ष एकदा उद्घाटनाला नवेकोरे बूट घालून आले, तर काकांनी "ए, बाजूला हो, वाळू ओली आहे" म्हणून त्यांना हाकललं होतं.

बायकोही अशीच मिळाली. चवळीच्या वड्यांची टोपली डोक्यावर घेऊन झुल्मिरा त्यांच्या ताज्या फरसबंदीतून चालत गेली. काकांनी त्या टाचांना शिव्या दिल्या. वरून दुप्पट आल्या. तो संवाद पुढे छत्तीस वर्षं चालला.

आठ वर्षांपूर्वी नगरपालिकेला हुक्की आली. चौकात दगडांचा क्यूआर कोड करायचा. त्यावर फोन धरला की चौकाची गोष्ट ऐकू यायला हवी. गोष्ट सांगितली झुल्मिराकाकूंनी. सात मिनिटं बोलल्या, शेवटी वड्यांची हाक दिली आणि स्वतःच खो खो हसत सुटल्या. काकांनी एकोणतीस ओळी मांडल्या, ओळीत एकोणतीस दगड. पुढच्याच वर्षी काकू गेल्या. फोटो पुष्कळ होते, आवाज तेवढाच. रोज सकाळी काका कोड झाडायचे, फोन धरायचे, हाक ऐकायचे, मग कॉफी.

यंदा मार्चात आवाज बंद झाला. फोन म्हणू लागला, 'पान सापडत नाही.' मी इथल्या शाळेत पहिलीचा मास्तर. नगरपालिकेत जाऊन विचारून आलो. नव्या मंडळींनी जुनी वेबसाइट पुसून टाकली होती. "कॉपी? कसली कॉपी?" कारकून म्हणाला.

हे सांगायला चौकात आलो, तर काका कोडचा जुना नकाशा पसरून गुडघ्यांवर.

"माझाच एखादा दगड चुकलाय, मास्तर. घराचा नंबर चुकला की पोस्टमन भलत्याच दारात जाणार, नाही का?"

मयताला गेलो तरी माझं तोंड बंद राहत नाही. तेव्हा मात्र राहिलं. पाच महिने काका एकेक दगड उपटून, नकाशाशी ताडून पुन्हा बसवत होते, आणि मी शाळेला लांबच्या रस्त्याने जात होतो.

ऑगस्टात पहिलीचा वर्ग चौकात न्यावाच लागला. दरवर्षी नेतो. कोड मुलांना काकाच समजावतात.

"आजोबा, हे कोडं आहे?" तैनाराने विचारलं. हिचे पुढचे दोन दात पडलेले, पण बोलणं कुठे अडत नाही.

"कोडी तुझा मास्तर सोडवतो, तुम्हाला पाढे लिहायला लावून. हा पत्ता आहे. कोपऱ्यातले तीन मोठे चौकोन बघ. फोन कसाही वाकडा धर, यांच्यावरून त्याला कळतं डोकं कुठे अन् पाय कुठे. मग काळा, पांढरा, पांढरा, काळा, असं तो वाचत जातो. तू अक्षरं लावतेस तसं."

"मग ती आवाजवाली आजी याच्या खाली आहे?"

"छे गं! खाली वाळू. आजीचा आवाज लांब कुठल्यातरी मशीनमध्ये ठेवलाय. घर तिकडे, इथे नुसता पत्ता. एक दगड चुकलाय, तो सापडला की ऐकवतो."

तैनाराने जरा विचार केला.

"माझ्या मावशीचं घर पुरात वाहून गेलं. पत्ता अजून आहे माझ्या वहीत. एकदम बरोबर आहे."

काकांची हातोडी थांबली.  

काकांनी मान वर केली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"मास्तर, तुला ठाऊक होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"मार्चपासून."

शिव्या आल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांची नजर सावकाश खाली माझ्या चपलांवर गेली आणि तिथेच राहिली.

एका दगडाची जागा रिकामी होती. त्यांनी नकाशा पाहिला, हातातला पांढरा खाली ठेवला, काळा उचलला.

"काका, आता कशाला?"

"तिचा पत्ता आहे," ते म्हणाले. "चुकीचा कसा ठेवू?"

आणि दोन ठोक्यांत दगड बसवला.