चेंडूकडे न बघणारे काका

फुटबॉल बघणारे जगात कोट्यवधी असतील, पण चेंडूकडे ढुंकूनही न पाहता फुटबॉल बघणारा माणूस ब्रह्मदेवाने एकच घडवला आणि तो कोकणातल्या वालावलीत ठेवला. ते माझ्या मावशीचे यजमान. सुपारीच्या बागेतून उरलेला सारा वेळ ते टीव्हीसमोर असतात, आणि गोल कोणी केला हे मात्र त्यांना सामना संपल्यावर दुसऱ्याला विचारावे लागते. त्यांची नजर असते ती पंचांवर डोळे कोण वटारतो आणि पाय न लागताच कोण लोळतो यावर. अर्धी दुनिया ज्याच्यावर जीव टाकते असा एक खेळाडू पंचांच्या अंगावर धावून गेला, तेव्हापासून तो पडद्यावर आला की काका उठून गुरांना पाणी दाखवायला जातात. उलट, ढीगभर गोल खाऊनही समोरच्याच्या फटक्याला टाळ्या वाजवणाऱ्या एका परदेशी गोलकीपरचे नाव त्यांनी गाईच्या पाड्याला दिले. मावशीला ते उच्चारता येईना, म्हणून पाडा अजून बिननावाचाच वाढतो आहे.

सामन्याआधी ते टीव्हीपुढे नारळ ठेवून देवळातल्यासारखे रीतसर गाऱ्हाणे घालतात. "बा देवा म्हाराजा, आज ह्ये बावीस जण खेळाक उतारले आसत. कोणय जिंकांदे, पण कोणाक खोटी बुद्धी होव नये रे म्हाराजा!" मागून "व्हय म्हाराजा" म्हणायला आम्ही असतोच, मावशी स्वयंपाकघरातून, कढीत आमसुले टाकता टाकता म्हणते. पुतणीला स्थळ आले तेव्हा यांनी मुलाचा पगार विचारला नाही. कापणी झालेल्या मळ्यात त्याला खेळायला उतरवले आणि स्वतःच पायात पाय घालून पाडले. तो बिचारा धूळ झटकत "काका, तुम्हाला लागलं नाही ना?" म्हणाला, तशी "लगीन ठरला!" असे जाहीर करून मोकळे झाले.

त्यांचा एकुलता एक मुलगा गोव्यात एका क्लबाकडून खेळतो. गेल्या वर्षी त्याचा सामना पहिल्यांदा टीव्हीवर दिसला आणि सगळी वाडी ओटीवर जमली. शेवटाकडे तो गोलपुढ्यात कोसळला, पेनल्टी मिळाली, अंगणात फटाके वाजले. पुन्हा दाखवतील, बघू तरी, असे कोणी म्हणायच्या आत काकांनी टीव्ही बंद केला. "पाय लागूकच नाय. माझो झील खोटो पडलो." हे मुलाच्या कानावर गेले आणि तेव्हापासून बापलेकांचे बोलणे बंद. मुलगाही बापाच्याच वळणाचा. तो चतुर्थीलासुद्धा आला नाही. गणपतीचे सगळे दिवस काका कुंपणाच्या बेड्यापर्यंत जाऊन रस्ता बघून येत होते, आणि विचारले तर म्हणत, "गुरां बघूक गेल्लंय." माणसाने इतके खरे असू नये, असे मला तेव्हा वाटले.

परवा मी तिथेच होतो. कुठलासा परदेशी सामना होता. काकांनी नारळ ठेवला, हात जोडले, बावीस जणांपर्यंत नेहमीसारखे आले आणि अडखळले. "आनी... ज्येचो झील घराक येणा नाय, तेचो झील घराक येव दे रे म्हाराजा." आमच्या कोणाच्या तोंडून व्हय निघेना. मावशी बाहेर आली, तिने मुलाला फोन लावला, स्पीकर चालू केला आणि फोन त्यांच्या हातात दिला.

आधी मुलगाच म्हणाला, "बाबा, त्या दिवसा पाय खरोच लागललो. कितीतरी दिवस टेकूक जमला नाय. आवशीक सांगूक नाय, ती रडात म्हणान."

"मगे माका सांगलंस कित्याक नाय?"

"तुमी इचारलात खंय?"

काकांचा चेहरा मला बघवेना. ते म्हणाले, "आता... आता दुखता काय रे?"

आणि उत्तर ऐकायला, फोन स्पीकरवर आहे हे विसरून, काका तो कानाला घट्ट लावून उभे होते.