हाय का?

मंगळवारी सकाळी नऊ चाळीसला दरड कोसळली. आमच्या पलटणीचे सहा जण त्या वाटेवर होते. पाच परतले. नाईक रशीद परतला नाही.

रशीद एम.आय. रूमचा, म्हणजे पलटणीच्या दवाखान्याचा, नर्सिंग असिस्टंट. गाव पाटोदा, वडिलांची फळांची गाडी. मी घाटनांदूरचा, पायदळातला हवालदार. पलटणीत बीडचे आम्ही दोघंच. माझ्या ट्रंकेत पुस्तकं असायची म्हणून तो मला मास्तर म्हणायचा.

आदल्या हिवाळ्यात गस्तीवर बर्फात पाय अडकून माझ्या डाव्या गुडघ्याचं आतल्या बाजूचं लिगामेंट फाटलं. दहा आठवडे हॉस्पिटल. लिगामेंट जुळलं, पण सांधा आखडला. गुडघा सत्तर अंशांपुढे वाकेना. मेडिकल बोर्डाने तंदुरुस्तीची कॅटेगरी खाली आणली. सर्जन म्हणाले, "हवालदार, अब पहाड़ भूल जाओ." मला बेसवर वायरलेस सेटजवळ बसवलं. पाच महिन्यांनी पुन्हा बोर्ड होतं. तेव्हाही गुडघा असाच राहिला असता, तर डोंगर कायमचा सुटला असता.

रशीदने पलटणीच्या डॉक्टरांची, आर.एम.ओ. साहेबांची, परवानगी काढली. तो पूर्वी मोठ्या हॉस्पिटलच्या फिजिओथेरपी विभागात होता. रोज संध्याकाळी साडेपाच ते सहा. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी. आधी दोन बोटांनी वाटी सरकवायची. वर, खाली, आत, बाहेर. मग नडगीचं हाड दोन्ही तळव्यांत धरून पुढे-मागे, सूतभर. कुठेही झटका नाही. पहिल्याच आठवड्यात मी चिडलो.

"जोर लाव ना बे. नुसता हात काय फिरवतूस?"

"मास्तर, सीताफळ घेतलंय का कधी? दाबून बघितलं की काळं पडतं. बोट टेकवायचं आन थांबायचं. पिकलं आसंल तर ते सोत्ता सांगतं."

सांधा अडला की तो विचारायचा, "हाय का?" म्हणजे कळ आहे का. मी "हाय" म्हटलं की केसभर मागे यायचा आणि तिथेच थांबायचा. थोड्या वेळाने आतली ओढ सैल पडायची. "न्हाई" म्हटलं की केसभर पुढे. एकदा मी फुशारकीने न्हाई, न्हाई म्हणत गेलो. दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला.

"खोटं न्हाई म्हणू नको बे," तो म्हणाला. "माझे हात तुझ्या तोंडावर चालतेत."

बोर्डाला चार दिवस उरले तेव्हा गुडघा एकशे वीसवर आला होता.

त्या मंगळवारी वरच्या पोस्टवर एक जवान आजारी होता. रशीद पाच जणांच्या कॉलमबरोबर, म्हणजे तुकडीबरोबर, निघाला. वाट मध्ये एक नाला ओलांडायची. मी सेटजवळ होतो, शेजारी बिहारचा सिग्नलमन. दरडीचा आवाज बेसपर्यंत आला. नऊ बावन्नला सेटवर खरखर झाली. मग शब्द आले. "हाय... हाय..."

"कराह रहा है," सिग्नलमन म्हणाला. त्याला ते कण्हणं वाटलं.

"कराह नहीं रहा. बोल रहा है." मी हँडसेट घेतला. "रशीद, मास्तर बोलतोय. नाल्याच्या वर हायस का?"

"न्हाई."

"खाली?"

"हाय."

"बाकीचे पाच? जित्ते हायत?"

"हाय."

"मोकळे हायत का?"

"न्हाई."

मी कंपनी कमांडर साहेबांना जागा सांगितली. रेस्क्यू पार्टी उभी राहिली. मी दोर उचलला.

"तुम लो कॅटेगरी हो. बैठो."

"साब, उसकी बोली सिर्फ मैं समझता हूँ."

साहेबांनी माझ्या गुडघ्याकडे पाहिलं. "जाओ."

अडीच तासांची चढण. गुडघा दुखला नाही, असं मी लिहिणार नाही. तो चढला.

पाचही जण दगडांखालून जिवंत निघाले. रशीदच्या कमरेवर शिळा होती. सेट छातीशी. शिळेच्या पलीकडे त्याचे बूट दिसत होते. मी त्याच्या घोट्यावर हात ठेवला.

"हाय का?"

"न्हाई."

तो खोटं बोलत नव्हता. बारा पंचेचाळीसला तो गेला.

शनिवारी बोर्ड झालं. सर्जननी कागद वाचले. "किसने कहा था चढ़ने को?"

"नाईक रशीदने, सर."

कॅटेगरी वर आली. पुढे सहा वर्षं मी डोंगरातच नोकरी केली.

आता घाटनांदूरला असतो. अंबाजोगाईच्या एका फिजिओथेरपिस्ट मॅडमच्या हाताखाली दोन वर्षं शिकलो. त्या ज्यांना तपासून पाठवतात, त्यांनाच मी हात लावतो. गावाला ही रीत पटत नाही. सांधा कट्ट वाजला नाही तर इलाज झालाच नाही, असं लोक मानतात. बाजारातले हमाल बाबूमामा आखडलेला खांदा घेऊन येतात.

"जय भीम, फौजी. आज तरी वाजव की. इलाज करतूस का नुसता हात ठिवतूस?"

"वाजवणार न्हाई."

"कावून?"

"वाजवणारे लई हायत, मामा. तिकडं जावा."

मामा मला हट्टी म्हणतात. मी आहे. मग खाटेवर आडवे होतात. मी दंड तळव्यांत धरतो, अडेल तिथे थांबतो आणि विचारतो, "हाय का?" परवा त्यांनी सदरा स्वतःच्या हाताने घातला. तरी जाताना म्हणाले, "वाजलं मात्र न्हाई."

रशीदचं नाव पलटणीच्या फलकावर आहे. माझा डावा गुडघा एकशे पंचवीस अंश वाकतो.